कुबट गोधडी, आंबट टोपली, वास मारणारा कूलर: घरच्या वस्तूंतला दर्प काढायचा कसा आणि सुगंध घालायचा किती

घरी केलेल्या वस्तूला वास यायला लागला की पहिला हात जातो तो अत्तराच्या बाटलीकडे, कापराकडे नाहीतर फवाऱ्याच्या डब्याकडे. काम तिथंच बिघडतं. कुबट गोधडीवर गुलाबाचं अत्तर शिंपडलं तर दुसऱ्या दिवशी कुबट गुलाबाचा वास येतो, एवढाच फरक. वासाचं मूळ वस्तूत असतं आणि बहुतेक वेळा ते तीनांपैकी एक असतं: आत राहिलेला ओलावा, मुरलेलं तेल, किंवा सडू लागलेला जैविक भाग, म्हणजे कांजी, घाम, केळीचा गर, पिठाचा कण. मूळ काढल्याशिवाय सुगंध घालू नये. काढल्यावर बऱ्याचदा त्याची गरजही उरत नाही.

वास ओळखायचा कसा

कुबट, कोंदट वास म्हणजे ओल आणि बुरशी. आंबूस म्हणजे पीठ, खळ, लगदा यांत आंबण सुरू झालंय. सडक्या अंड्यासारखा म्हणजे पाण्यात बुडालेली वस्तू हवेशिवाय सडते आहे. खवट म्हणजे जुनं तेल. डोळ्यांना झोंबणारा म्हणजे मूत्र किंवा शेणाचा अमोनिया. एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

मात्र ज्या खोलीत तासभर बसलात, तिथल्या वासाबद्दल स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवू नका. नाक लगेच सरावतं. खात्री करायची तर वस्तू, किंवा ती मोठी असेल तर त्याच कापडाचा, त्याच लगद्याचा तुकडा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी घराबाहेर जाऊन या आणि मगच झाकण उघडून पहिलाच वास घ्या. डबा आधी नुसता वास मारत नाही ना, हे तपासायला विसरू नका. मसाल्याचा डबा या कामाला घ्यायचा नाही.

ओलावा तपासायची युक्ती याहून सोपी. वाळलेली वाटणारी वस्तू पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि तासभर उन्हात ठेवा. पिशवीच्या आतून बारीक दव धरलं तर वस्तू अजून ओली आहे, हाताला कितीही कोरडी लागू दे.

सोडा, व्हिनेगर आणि एक धोका

खाण्याचा सोडा आंबट वासांवर चालतो: घाम, दूध, आंबलेलं पीठ, खवट तेलातली आम्लं. व्हिनेगर उलट बाजूनं काम करतं. मासळीचा आणि मुताचा वास अल्कधर्मी असतो, तो व्हिनेगरनं मरतो. म्हणून दोन्ही एकत्र ओतून फेस काढण्यात काही अर्थ नाही. फेस दिसायला छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात जवळपास खारट पाणी उरतं. एक वापरा, धुऊन टाका, गरज पडली तर मग दुसरं.

दुकानात मिळणारं साधं व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं असतं. कपड्यांना ते एका भागाला तीन भाग पाणी या प्रमाणात पुरतं. धुण्याचा सोडा मात्र खाण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी जहाल आहे. तो सुती कापडाला आणि भांड्यांना चालतो. रेशीम, लोकर आणि अॅल्युमिनियमला अजिबात नाही. हातमोजे घाला.

धोक्याची गोष्ट ब्लीचची. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं अॅसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. मुतानं भिजलेल्या कापडावर ब्लीच ओतलं तरी विषारी वायू होतो. बंद न्हाणीघरात हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. वास काढायला ब्लीच लागतच नाही, असं आमचं स्पष्ट मत.

आपल्याकडचं ऊन

खानदेशाला पाणी कमी मिळालं असेल, ऊन नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. वास काढायला यासारखं साधन विकत मिळत नाही. बिबडे, कुरडया, पापड घराच्या मातीच्या धाब्यावर किंवा गच्चीवर वाळतात, त्याच दिवसांत गोधड्या, उशा, टोपल्या, बरण्या उन्हं दाखवून घ्याव्यात. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासचे पंधरा दिवस सगळ्यात चांगले. मृगाचा पहिला पाऊस पडला की हवेत दमटपणा येतो आणि तेच काम तिप्पट वेळ खातं. श्रावणात कानबाईच्या सणाच्या तयारीला पेटीतले कपडे काढले आणि ते वास मारत असले तर चूक श्रावणातली नसते, वैशाखातली असते.

सगळंच मात्र उन्हात टाकायचं नसतं. रेशमी काठ, जर, रबर, इलॅस्टिक, रंगवलेलं लाकूड आणि मेणबत्त्या सावलीत, वाऱ्यावर. लाकडी पेटी भर उन्हात ठेवली की फळ्या तडकतात. तिला सकाळी नऊपर्यंतचं ऊन पुरे.

गोधडी: वास शिवण्याआधीच काढायचा

गोधडीचा वास शिवल्यानंतर काढणं म्हणजे दुप्पट मेहनत. जुन्या साड्या, लुगडी, धोतरं वर्षानुवर्षं पेटीत पडलेली असतात. त्यांत घाम असतो, अंगाचं तेल असतं आणि सगळ्यात जास्त असते ती खळ. कांजी केलेलं कापड ओल खेचतं, त्यावर बुरशी धरते आणि झुरळं, कसरही त्यालाच लागते.

आधी कापड निवडा. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटावर भुगा होते. वितळून कडक गोळी झाली तर ते पॉलिस्टर. पॉलिस्टर घामाचा तेलकट वास धरून ठेवतं आणि धुतल्यावरही पुन्हा सोडतं, म्हणून आतल्या थरात ते घालू नका. वरच्या रंगीत पदराला हरकत नाही.

पंधरा लिटरच्या बादलीत हाताला जेमतेम सोसवेल इतकं गरम पाणी घ्या. त्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा. दाणे राहिले तर कापडावर डाग पडतात. साड्या सैल सोडून तासभर बुडवा. पाणी चहासारखं पिवळं-तांबूस होईल. ती जुनी खळ आणि घाम. ते ओतून द्या आणि पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा भिजवा. जुन्या लुगड्याला दोन-तीन पाणी लागतात. रंग जाणारी साडी वेगळ्या बादलीत. मग नेहमीची पावडर, पण नेहमीपेक्षा निम्मी. पावडर जास्त झाली की ती धाग्यात बसते, ओल धरते आणि गोधडी पुन्हा वास मारते. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर. त्याचा वास वाळताना उडून जातो. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण घालू नका. ते धाग्यावर थर चढवतं आणि सुती कापडाचं पाणी शोषणं कमी करतं.

वाळल्यावर पिशवीची परीक्षा घ्या आणि मगच टाके घाला. थर चार-पाचच ठेवा. नऊ-दहा थरांची गोधडी ऊबदार खरी, पण धुतल्यावर तिचं पोट वाळत नाही. वरून कडक, आतून ओली, आणि तिथंच कुबट वास जन्मतो. जाड हवीच असेल तर दोन पातळ गोधड्या शिवून एकावर एक घ्या.

उशी-गादीत कापूस भरायचा तर सरकीचे तुकडे राहिलेला कापूस घेऊ नका. सरकीत तेल असतं. उन्हाळ्यात ते खवट होतं आणि उशीला तेलाच्या जुन्या घाण्यासारखा वास येतो. मूठभर कापूस पांढऱ्या कागदात दाबून दिवसभर वजनाखाली ठेवा; कागदावर तेलकट ठिपके उमटले तर पिंजाऱ्याला पुन्हा पिंजून द्यायला सांगा.

शिवलेली गोधडी वास मारत असेल तर तिच्यावरचे बुरशीचे काळे ठिपके अंगणात, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशनं झाडा. घरात झाडलं तर बुरशी सगळीकडे पसरते. मग एक वाटी खाण्याचा सोडा चाळणीनं भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी काठीनं झोडपा आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन दिवस ऊन द्या.

लेकरांच्या मुताचा वास हा वेगळा विषय. ताजं असेल तर गार पाण्यानं लगेच खळबळा, व्हिनेगरचं पाणी वीस मिनिटं मुरवा, धुऊन टाका, मग साबण. जुना डाग सुकल्यावर वास जातो आणि पावसाळ्यात परत येतो, कारण सुकलेले क्षार ओल धरली की पुन्हा जागे होतात. त्यावर एन्झाइम असलेली धुण्याची पावडर कोमट पाण्यात घालून रात्रभर भिजवणं हाच खात्रीचा उपाय. पाणी उकळतं घेतलं तर एन्झाइम मरतं आणि पावडर वाया जाते.

डांबराच्या गोळ्यांचा वास धुऊन जात नाही, कारण नॅफ्थॅलीन पाण्यात विरघळत नाही. ते हवेत उडून जातं. तीन-चार दिवस वाऱ्यावर टांगा आणि मगच धुवा. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत, गोधडीत या गोळ्या कधीच ठेवू नका. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थॅलीनच्या वासानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. ही कमतरता वरून दिसत नाही.

कागदाच्या लगद्याची टोपली

रद्दी, पुठ्ठा आणि मेथीची टोपली करणारी घरं अजून आहेत. टोपली छान होते, पण निम्म्या टोपल्यांना आंबूस वास राहतो. कारण एकच: भिजवण्याची घाई नसते, वाळवण्याची असते. व्हायला हवं उलटं.

कागद बोटभर तुकडे करून उकळत्या पाण्यात घाला आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, पुठ्ठ्याला दोन. दुसऱ्या दिवशी पाणी बदलाच. आठवडाभर एकाच पाण्यात ठेवलेला लगदा आतून सडतो. नुसता आंबूस झालेला लगदा चाळणीत धुऊन पुन्हा उकळला तर वाचतो. काळसर, बुळबुळीत आणि अंड्यासारखा वास येणारा उकिरड्यावर टाका, तो सुधारत नाही.

मेथी रात्रभर भिजवून बारीक वाटायची. कोरड्या एक किलो कागदाला शंभर ते दीडशे ग्रॅम मेथी पुरते. तिचा चिकटपणा लगदा बांधतो आणि कडवटपणानं कीड लांब राहते. जास्त घातली तर टोपली दर पावसाळ्यात मेथीच्या लाडवासारखा वास देत राहील. गव्हाच्या पिठाची खळ घालायची असेल तर ती शिजवूनच, आणि त्याच दिवशी संपवायची. खळ टिकावी म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. घरात हाताळायच्या, लेकरांच्या हाती लागणाऱ्या टोपलीत ते नकोच. त्याऐवजी किलोभर लगद्याला लवंगेच्या तेलाचे आठ-दहा थेंब घाला.

लगदा पिळून पाघळेल इतका ओला नको. पातेल्यावर किंवा घमेल्यावर पालथा थापताना जाडी अर्ध्या बोटापेक्षा कमी. साच्याला आधी जुनं सुती फडकं गुंडाळा. दुसऱ्या दिवशी कडा पांढरट झाल्या की टोपली साच्यावरून काढा आणि आतली बाजू उन्हाकडे करा. साच्यावरच पूर्ण वाळू दिली तर आतली बाजू ओलीच राहते; सगळा वास तिथूनच येतो. बाहेरून रंग लावायची घाईही नको. ऑइलपेंट चढला की आत अडकलेल्या ओलीला वाट उरत नाही. छापील कागदाच्या टोपलीत भाकरी, लसूण, शेंगा थेट ठेवू नयेत, शाईतले घटक अन्नात उतरतात. कापड अंथरलं तरी ती सुईदोरा, लोकर, किल्ल्या यांच्यासाठीच बरी.

केळीचा धागा

रावेर-यावल पट्ट्यात घड कापल्यावर उरलेल्या खांबाची कमी नाही. त्या धाग्याच्या पिशव्या, पायपुसण्या, टोपल्या होतात. नव्या वस्तूला जो ओलसर, सडका वास येतो तो धाग्याचा नसतो, धाग्याला चिकटून राहिलेल्या गराचा आणि रसाचा असतो. खांब कापल्यापासून एक-दोन दिवसांत धागा काढावा. पात उलटी फळीवर धरून बोथट सुरीनं गर खरवडा, धागा चमकेपर्यंत. त्याच दिवशी वाहत्या पाण्यात धुवा. संध्याकाळपर्यंत ढीग घालून ठेवला तर तो गरम होतो आणि आंबतो.

धुतल्यावरही वास वाटला तर लिटरभर गरम पाण्यात सपाट चमचाभर धुण्याचा सोडा घालून धागा वीस मिनिटं बुडवा, तीन पाण्यांत काढा, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. आधी सावलीत दोरीवर, मग उन्हात. सोडा जास्त झाला तर धागा पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. कपड्यावर केळीच्या रसाचा डाग पडला तर तो निघत नाही, हे गृहीत धरूनच कामाला बसा.

कूलर

कूलरला मासळीसारखा वास येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा गवताचा असतो. लाकडाच्या सालपटांचं गवत ओलं राहून बंद पडलं की त्यात जंतू वाढतात. सकाळी कूलर लावला की पहिली पाच मिनिटं वास येतो आणि मग जातो, ही त्याची खूण.

उपाय फुकटातला आहे. कूलर बंद करण्याआधी अर्धा तास पंप बंद करा आणि पंखा चालू ठेवा. गवत वाळून बंद होतं. टाकीतलं पाणी रोज संपवणं जमलं तर उत्तम. नाहीतर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. यात डेंग्यूच्या डासांचाही बंदोबस्त होतो. त्यांची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, घासावं लागतं.

बोअरच्या पाण्यानं गवतावर पांढरा थर चढतो आणि वास त्या थरात बसतो. जाळी, पंप आणि नळीला लिंबूसत्त्व लावा: लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे, अर्धा तास, मग स्वच्छ पाणी. वायर प्लगमधून काढूनच. गवताची ताटी इतकी स्वस्त आहे की ती दरवर्षी बदलावी. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाड ताटी असेल तर ती दोन-तीन हंगाम जाते, पण ब्रशनं रगडू नका, हलक्या धारेनं धुवा.

टाकीत फिनाइल, अत्तर किंवा कापराचं पाणी ओतायची पद्धत सोडून द्या. ते सगळं बारीक होऊन रात्रभर फुप्फुसात जातं. सुगंध हवा असेल तर वाळ्याची ताटी लावा, नाहीतर मूठभर वाळा मलमलच्या पुरचुंडीत बांधून पाणी पडतं तिथं अडकवा. दर आठवड्याला पुरचुंडी काढून कडकडीत वाळवा, नाहीतर वाळाही सडतो.

बरण्या, डबे, माठ, खापर

लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीवरच्या चकाकीला केसासारख्या भेगा असतील तर तेल त्यात मुरतं आणि खवट होतं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवा, धुवा, दोन दिवस ऊन द्या. मग निखाऱ्यावर चिमूटभर हिंग टाकून बरणी त्यावर पालथी धरण्याची जुनी रीत आहे, ती चांगलीच आहे. पण धुरी ही धुतलेल्या बरणीला द्यायची असते, धुण्याऐवजी नाही. भेगांतून तेल पाझरतच असेल तर त्या बरणीत मीठ ठेवा, लोणचं नको.

स्टीलचा डबा वास मारतो म्हणजे बहुधा झाकणातली रबराची रिंग वास मारते. ती काढून सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. तरी वास राहिला तर नवी घ्या. काळ्या मसाल्याच्या प्लास्टिकच्या डब्याला सोड्याचा लेप, मग चुरगाळलेला कागद भरून झाकण लावून दोन दिवस. हळदीचा पिवळेपणा उन्हात आपोआप उडतो, घासायची गरज नाही.

माठाला साबण कधीच लावू नका. तो छिद्रांत जातो आणि महिनाभर पाण्यातून येतो. काथ्या आणि खाण्याच्या सोड्यानं घासा, दोन-तीन पाण्यांत खळबळा, पालथा घालून पूर्ण वाळवा. नव्या माठाच्या पहिल्या पाण्याला जो मातीचा वास येतो तो दोष नाही, तो दोन-तीन पाण्यांत कमी होतो आणि कमी झाला की लोकांना चुकल्यासारखं वाटतं. खापराचंही तसंच: त्यावर मांडे भाजून झाले की ओल्या फडक्यानं पुसा, मंद आचेवर तापवून वाळवा आणि सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं खापर पुढच्या सणाला बुरशी घेऊनच बाहेर येतं.

धान्याची कोठी

कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो चुरा होईल इतका वाळलेला हवा. अर्धवट ओला पाला धान्यालाच ओल देतो. पिठाला उग्र, औषधासारखा वास आला तर त्यात तांबडे किडे झालेत. हा वास त्यांच्या अंगातल्या स्रावाचा असतो आणि चाळून जात नाही. ते पीठ टाकून द्या आणि डबा उन्हात तापवा.

घरातल्या कोठीजवळ लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला आणि धान्यात कीड मारायच्या गोळ्या टाकलेल्या असतील, तर वास काढत बसू नका. तो फॉस्फीन वायू असू शकतो आणि तो जीव घेतो. सगळ्यांना घेऊन लगेच बाहेर पडा, दारं उघडी टाका, डोकं दुखत असेल, उलटी होत असेल तर थेट दवाखाना. माणसं झोपतात त्या घरात या गोळ्या वापरूच नयेत. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी घरच्या कामाचा नाही.

आता सुगंध

कपाटासाठी सगळ्यात टिकाऊ सुगंध मुळांचा, फुलांचा नाही. गुलाब, मोगरा, लिंबाची साल यांचा वास लवकर उडतो. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी यांचा हळूहळू सुटतो. पन्नास ग्रॅम वाळा कात्रीनं बोटाच्या पेराएवढा कापा, पंचवीस ग्रॅम नागरमोथा आणि तेवढीच कपूरकाचरी खलबत्त्यात भरड करा, दहा लवंगा ठेचून घाला. पूड करू नका; पूड एकदम सुगंध देते, लवकर संपते आणि कापडातून गळते. एवढ्यात पाच-सहा मलमलच्या पुरचुंड्या होतात. वास मंदावला की पुरचुंडी मुठीत चोळा. रेशमाला थेट टेकू देऊ नका, डाग पडतो. कापूर घालायचा तर लेकरांच्या हाती लागणार नाही तिथंच. थोडासा गिळला तरी झटके येऊ शकतात.

वितळवून ओतायच्या साबणाला किलोमागे दहा ते वीस ग्रॅम सुगंधी तेल पुरतं. तेही अंगाला लावायला योग्य असं लिहिलेलं. अगरबत्तीचं अत्तर साबणात घालू नका. साबण हाताला सोसवेल इतका कोमट, पण अजून पातळ असताना तेल घाला. उकळत्यात घातलं तर निम्मा सुगंध वाफेबरोबर जातो. व्हॅनिलाचा सुगंध साबण तपकिरी करतो, त्यामुळे पांढरा साबण हवा असेल तर तो टाळा. लवंग, दालचिनीचं तेल अंगाला झोंबतं, लेकरांच्या साबणात नकोच.

मेणबत्तीला पॅराफिन मेणात तीन ते पाच टक्के, सोयाच्या मेणात सहा ते आठ. जास्त घातलं तर मेण ते धरून ठेवत नाही. वर तेलाचे थेंब सुटतात, वात गुदमरते आणि काजळी धरते. सोयाची मेणबत्ती ओतल्यावर आठ-दहा दिवस झाकून ठेवा, मगच पेटवा. जळताना सुगंधच येत नाही अशी तक्रार असते, तिथं सुगंध कमी नसतो, वात बारीक असते: मेणाचं तळं भांड्याच्या कडेपर्यंत पोचत नाही. एक माप जाड वात घेऊन पाहा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात मेणबत्त्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या तर त्या पेटवण्याआधीच मान टाकतात. माठाशेजारची गार फळी त्यांची जागा.

लाकडी चमचे, पोळपाट, खेळणी यांना चकाकीसाठी खाण्याचं तेल लावू नका, शेंगदाण्याचं तर नाहीच. ते वाळत नाही, चिकट होतं आणि खवट वास धरतं. जवसाचं तेल वाळतं. अगदी पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसून घ्या, हाताला चिकट लागेनासं होईपर्यंत वाऱ्यावर ठेवा. पुसलेलं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते अंगणात एकेक पसरून कडक होईस्तोवर वाळवा, किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा.